जनरल रजिस्टरातलं हायस्कूल

गोव्यातल्या जुन्या हायस्कुलांच्या स्मरणिका तुम्ही कधी चाळल्या असतील तर एक गोष्ट लक्षात आली असेल, एक वाचली की सगळ्या वाचल्या. पहिल्या पानावर मंत्र्यांचा शुभेच्छा संदेश, मग आमदार, मग शिक्षण खात्याचे संचालक, मग संस्थेच्या आजीमाजी चेअरमनांचे पासपोर्ट साइझ फोटो ओळीनं, आणि मग दोन पानांचा इतिहास, ज्यात लावलेल्या रोपट्याचा वटवृक्ष झालेला असतोच असतो. उरलेली जागा जाहिरातींची, सोनार, हार्डवेअर, कॅटरर. आमच्या हायस्कूलचीही आता अशीच एक निघतेय आणि मला त्या कमिटीत घेतलंय, कारण काय तर "तूं कितेंय बरयता न्हय गो". म्हणजे तू काहीतरी लिहितेस ना गं. तर हे लिहिण्याचं निमित्त ते. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही, फोंडा तालुक्यातली आहे एवढं पुरे, आणि खरं सांगायचं तर नाव बदलून हे दुसऱ्या कुठल्याही तालुक्यातल्या जुन्या हायस्कूलला चालेल.

शाळेचा इतिहास म्हटला की आमच्याकडे गोष्ट ठरलेली आहे. पोर्तुगीजांनी चारशे वर्षं आपल्याला काही शिकू दिलं नाही, मग 1910 साली लिस्बनमधला राजा गेला, रिपब्लिक आलं, हिंदूंना मोकळीक मिळाली आणि गावोगाव मराठी शाळा निघाल्या. यात खोटं काही नाही. 5 ऑक्टोबर 1910 ला रिपब्लिक झालं, चर्च आणि सरकार कायद्यानं वेगळं झालं आणि त्यानंतर इथे वाचनालयं, शाळा, नियतकालिकं यांना जे उधाण आलं ते खरंच आलं. पण पणजीची मुष्टिफंड संस्था 1908 ची आहे. म्हणजे राजा अजून गादीवर होता, कुणी मोकळीक दिलेली नव्हती, आणि पणजीतल्या घराघरातून रोजच्या शिजवायच्या तांदळातली एक मूठ बाजूला काढून ठेवायची, ते तांदूळ गोळा करायचे आणि त्यातून मराठी शाळा चालवायची असा उद्योग लोकांनी सुरू केलेला होता. मला हा भाग जास्त आवडतो. देणगीदाराचा फोटो छापता येतो, मूठभर तांदूळ काढून ठेवणाऱ्या बाईचा कसा छापणार? आणि मूठ काढणार कोण, घरात चुलीपुढे असेल तीच ना, म्हणजे गोव्यातल्या मराठी शाळेच्या पहिल्या देणगीदार या बाया, ज्यांच्यातल्या बऱ्याच जणींना स्वतःला अक्षर येत नसणार. एकाही स्मरणिकेत हे वाक्य मला सापडलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

त्याच्याही आधी शेणवी मामा, म्हणजे गावातली पोरं गोळा करून शिकवणारे मास्तर, होते. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या मुक्कामाच्या जागेत, किंवा कुणा भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, ओसरीवर मुलं जमवायची, धुळपाटीवर बोटानं अक्षरं गिरवून घ्यायची, पाढे, पावकी, निमकी, थोडा मोडीचा सराव, संपलं. फी म्हणून धान्य, नारळ, सणाला काही. आमच्या फोंड्याकडे हे जरा जास्त टिकलं, कारण हा भाग पोर्तुगीजांच्या हातात उशिरा, अठराव्या शतकात आला, आणि तिसवाडी, साष्टी, बार्देशातून हलवलेले देव इकडेच येऊन बसलेले, मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, सगळे एका पट्ट्यात. देव आले तशी देवळं आली, देवळं आली तशी अग्रशाळा आली, आणि अग्रशाळा रिकामी असली की तिथे मुलं बसली. आमचं हायस्कूलही असंच एका अग्रशाळेत मराठी वर्ग म्हणून सुरू झालं, असं सगळे सांगतात.

पणजीला मात्र लिसेंव, म्हणजे सरकारी हायस्कूल, होतं, 1854 सालापासून. ते पोर्तुगीजमधून. तिथून सातवं वर्ष पास होऊन निघालेला माणूस म्हणजे गावात मोठं प्रस्थ, सरकारी कचेरीत खुर्ची नक्की. रिपब्लिकनंतर तिथे हिंदू मुलंही बऱ्यापैकी दिसायला लागली. पणजीतल्या आल्तिन टेकडीवरच्या त्या इमारतींत पुढे हायकोर्ट बसलं, ते 2021 मध्ये पर्वरीला नवीन इमारतीत गेलं, तरी आजच्या पोरांना लिसेंव कॉम्प्लेक्स म्हणजे कोर्टच वाटतं. पण लिसेंव गावातल्या सगळ्यांच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि नोकरी तर मुंबईत, तिथे पोर्तुगीज कोण विचारतो. मग गावच्या संस्था इंग्रजी वर्ग काढायला लागल्या, मुंबईच्या मॅट्रिकसाठी. आता बघा हां काय मजा, राज्य पोर्तुगीजांचं, संस्था मराठीवाल्यांची, अभ्यास इंग्रजीतून, आणि मधल्या सुट्टीत सगळी पोरं भांडणार कोकणीतून. हा घोळ गोवामुक्तीनंतरही तसाच राहिला, त्यावर पुढे येतेच.

कमिटीत घेतल्यावर मी हेडमास्तरांना म्हटलं मला जुनं जनरल रजिस्टर बघायचंय. ते जरा बिचकले, कारण ते रजिस्टर म्हणजे शाळेतली सगळ्यात जपायची वस्तू, आग लागली तर आधी ते बाहेर काढायचं असा अलिखित नियम. क्लार्कनं कपाट उघडून दिलं आणि लगेच बजावलं, "बाय, हें भायर व्हरपाक मेळचें ना." मग ऑफिसातच खिडकीजवळ बसून बघितलं. सगळ्यात जुना खंड वाळवीनं अर्धा खाल्लेला, पानं उलटताना भुसा पडतो. कापडी पाठ, लाल शाई, काळी शाई, आणि हस्ताक्षर असं की आजच्या कुठल्याही प्रिंटरला लाज वाटावी. नंबर, विद्यार्थ्याचं संपूर्ण नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल तारीख, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. एवढंच. आणि एवढ्यातच सगळा इतिहास आहे, फक्त ओळीनं वाचत जायचं.

मुक्तीच्या आधीची पानं वाचली तर आडनावं तीच तीच येत राहतात. शेणवी, कामत, प्रभू, भट, अधूनमधून एखादा शेट किंवा शिरोडकर. मुली नावालाच, आणि ज्या आहेत त्यांच्या कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द, विवाह. मग 19 डिसेंबर 1961 येऊन जातो, रजिस्टरात त्याची काही नोंद नाही, कारण रजिस्टराला मुक्ती वगैरे कळत नाही. पण पुढची काही पानं उलटली की आडनावं बदलायला लागतात. नाईक तर ढीगभर, मग गावस, गावडे, वेळीप, गावकर. पालकाचा धंदा आमच्या रजिस्टरात कुणीतरी शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीनं लिहून ठेवलाय, त्यात आधी दुकान, भाट (म्हणजे बागायत), भटपण असं होतं, तिथे आता रेंदेर (माडाची सूर काढणारा), पदेर (पाववाला), तारवटी (बोटीवरचा खलाशी), खाणीवर, बार्जवर (मालवाहू होडीवर) असं यायला लागतं. मुलींची संख्या वाढते, आणि विवाहच्या जागी हळूहळू "एस.एस.सी. उत्तीर्ण" दिसायला लागतं.

ही पानं काही आपोआप बदलली नाहीत. डिसेंबर 1963 मध्ये भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले आणि 1973 साली जाईपर्यंत त्यांनी वाड्यावाड्यावर सरकारी मराठी प्राथमिक शाळा काढल्या, कुठे देवळात, कुठे कुणाच्या पडवीत, मास्तर सापडेल तिथे. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर चौथीपर्यंत शाळा आली की मग पाचवीला हायस्कूलचं दार ठोठावणारी पोरं तयार होतात, सरळ हिशेब आहे. त्यातच 1964 चा कूळ कायदा आला, पुढे 1975 चा मुंडकार कायदा, म्हणजे ज्या भाटकाराच्या जमिनीत बाप घर बांधून राहतो त्याच भाटकाराच्या मुलाच्या शेजारी पोरगा बाकावर बसलेला. आमच्या स्मरणिकेच्या इतिहासात हा भाग "मुक्तीनंतर विद्यार्थीसंख्येत लक्षणीय वाढ झाली" अशा एका वाक्यात उरकलाय. लक्षणीय वाढ! अहो ती वाढ म्हणजे गावाची उलथापालथ होती. आणि हेही कबूल करायला हवं की जुन्या संस्था ज्यांनी काढल्या त्यांनी कष्ट केले, खिशातले पैसे घातले, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या सेन्सॉरला तोंड दिलं, जेव्हा लग्नपत्रिका छापायची तरी आधी दाखवून आणावी लागायची असं जुने लोक सांगतात, सगळं मान्य, पण शाळा सगळ्यांची होती असं जे आपण आता भाषणात म्हणतो तसं रजिस्टर म्हणत नाही. रजिस्टर म्हणतं ती सगळ्यांची झाली, आणि उशिरा झाली.

नावांची एक वेगळीच गंमत. गोव्यात पोर्तुगीज काळापासून जन्माची नोंद सक्तीची, आणि ती पोर्तुगीज स्पेलिंगात, म्हणजे शंकरची सुरुवात एक्सनं, नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई, प्रभूचा झालेला पोरोब. मास्तरानं शाळेत मराठीत लिहून घेतलं, नंतर कुणीतरी त्याचं इंग्रजी केलं, आणि एकाच माणसाची तीन नावं तयार झाली. आता नातवंडांना पोर्तुगीज पासपोर्ट काढायचा असतो तेव्हा हे सगळे दाखले एकमेकांशी जुळवायला लोक शाळेत येतात. मी बसले होते तेवढ्या वेळात एक गृहस्थ आजोबांचा दाखला मागायला आले. आजोबांनी शाळा सोडल्याचं कारण लिहिलेलं, "मुंबईस गेला". नातू लंडनला निघालेला. क्लार्क म्हणाली, हल्ली असे खूप येतात.

आता तो भाषेचा घोळ. आमच्या पिढीतली बहुतेक मुलं चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत, आणि पाचवीला हायस्कूलमध्ये आल्यावर एकदम सगळं इंग्रजीतून. इंग्रजीची अक्षरओळखसुद्धा तिथेच सुरू. म्हणजे इंग्रजीच्या तासाला ए फॉर ॲपल आणि पुढच्याच तासाला सायन्सचं अख्खं पुस्तक इंग्रजीत. हे पार कसं पडलं याचं श्रेय मी पूर्णपणे त्या शिक्षकांना देते, कारण त्यांनी कुठल्याही ट्रेनिंगमध्ये न शिकवलेली एक पद्धत काढली होती. पुस्तक इंग्रजीतून वाचायचं, समजवायचं कोकणीतून, आणि फळ्यावर कठीण शब्दाचा अर्थ मराठीत. आमचे सायन्सचे सर, अंगानं बारीक, हातात कायम डस्टर, फोटोसिंथेसिस शिकवत होते. म्हणाले, "झाडां आपलें जेवण आपणच रांदतात, उजवाड म्हळ्यार तांचो उजो, कळ्ळें मरे?" उजवाड म्हणजे उजेड, उजो म्हणजे विस्तव. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "आनी नुस्तें सर?" नुस्तें म्हणजे मासळी. वर्ग फुटला. सर हसले नाहीत, फळ्याकडे वळले आणि म्हणाले, झाडं शाकाहारी, श्रावणातल्या तुझ्या आजीसारखी, आता लिही. परीक्षेत त्या प्रश्नाचं उत्तर आम्ही सगळ्यांनी बरोबर लिहिलं. इंग्रजीत. स्पेलिंगं सोडा.

माध्यमाच्या वादावर गोव्यात किती भांडणं झाली ते सांगायला नको. 1990 मध्ये शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना सरकारी अनुदान फक्त मराठी-कोकणीसारख्या भाषांतल्या प्राथमिक शाळांना असं ठरलं, 2011 ला ते इंग्रजीलाही खुलं झालं, आंदोलनं झाली, पक्ष फुटले. दोन्ही बाजूंचे लोक व्यासपीठावरून बोलताना त्या पाचवीच्या वर्गाबद्दल मात्र बोलत नाहीत, जिथे तीन भाषा एकाच पिरियडमध्ये गुण्यागोविंदानं नांदत होत्या. मला त्यावर मोठा सिद्धांत मांडायचा नाही. पण आज माझ्या गावच्या वाड्यावरची प्राथमिक शाळा पटसंख्या नाही म्हणून शेजारच्या शाळेत विलीन झालीय, आणि ज्यांच्या बापजाद्यांची नावं त्या रजिस्टरात आहेत त्यांचीच पोरं पिवळ्या बसमधून शहरात जातात. माझीही गेली.

परंपरा म्हणून विचाराल तर शाळेची खरी परंपरा एकच, शारदोत्सव. बाकी गॅदरिंग, स्पोर्ट्स, निरोप समारंभ सगळीकडेच असतात. नवरात्रात सरस्वती बसते ती मात्र आमच्या गोव्यात गावाचा सण असल्यासारखी बसते. चित्रशाळेतून, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यातून, मूर्ती आणायचा मान नववीच्या मुलांचा, दहावीची मुलं बोर्डाची म्हणून त्यांना सूट, ती बिचारी खिडकीतून बघणार. आधीच्या रात्री मखर, थर्माकोलचं नाही, आमच्या वेळी बांबूच्या काड्या, रंगीत कागद आणि खळ, ती खळ ऑफिसच्या मागे प्यून मोठ्या डब्यात शिजवायचा आणि त्यात मोरचूद टाकायचा, झुरळं लागू नयेत म्हणून. सकाळी पूजा, पाटीपूजन, मग मुलींच्या फुगड्या, मग भजन. भजनाला गावातले म्हातारे येऊन बसायचे, ज्यांनी कधी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही तेही. आमच्या वर्गातला एक कॅथलिक मुलगा दरवर्षी हार्मोनियमला, कारण चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य स्वरांचे धडे, शिकलेला तो एकटाच सुरात होता, आणि आरत्या त्याला आमच्यापेक्षा जास्त पाठ.

पण खरी गर्दी असायची पावणीला. बाहेरच्यांसाठी सांगते, देवीपुढे ठेवलेली फळं, नारळ, ऊस, भोपळा यांचा शेवटी लिलाव होतो, त्याला आमच्याकडे पावणी म्हणतात. आमचे पीटीचे सर टेबलावर उभे राहायचे, गळ्यात शिट्टी तशीच, आणि हातात केळ्यांचा घड. "शंभर रुपये एकवार... शंभर रुपये दोनवार..." की मागून कुणीतरी एकशेदहा. बाजारात जो भोपळा पाच रुपयाला कुणी घेणार नाही तो दोनशेला जायचा, आणि घेणारा तो परत देवीला ठेवायचा, की परत पावणी. एकच भोपळा तीनदा विकला गेलेला मी बघितलाय. एके वर्षी भाटकाराच्या घरचा माणूस आणि बार्जवर काम करणारा एक बाप, त्या घडासाठी दोघंही हटेनात, आकडा कुठल्या कुठे गेला, सर दोनवारनंतर मुद्दाम पाणी प्यायला थांबले. घड बार्जवाल्याकडे गेला. त्यानं तिथेच सोडवून सगळ्या पोरांना एकेक केळं वाटलं, स्वतःच्या मुलीला शेवटी. त्या पैशातून त्या वर्षी प्रयोगशाळेत मायक्रोस्कोप आला, असं आम्हाला असेंब्लीत सांगितलं गेलं.

मूठभर तांदळापासून केळ्याच्या घडापर्यंत शाळा चालली ती अशी. ग्रँट सरकारची असते, पगार निघतात, पण छप्पर गळलं, बाकं मोडली, लॅबला काही हवं असलं तर वर्गणीच. 1961 च्या आधी आमचे लोक मॅट्रिक झाल्यावर कॉलेजला बेळगाव, धारवाड, मुंबई, पुणे असे पांगायचे, 1962 मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले कॉलेज निघालं तेव्हा कुठे गोव्यातल्या गोव्यात पुढे शिकायची सोय झाली. एस.एस.सी.ची परीक्षासुद्धा 1975 मध्ये गोवा बोर्डाचा कायदा होईपर्यंत महाराष्ट्राच्या बोर्डाची, पुण्याहून पेपर येणार, पुण्याहून निकाल. या सगळ्या काळात गावात कायम काय होतं तर हायस्कूल.

आता शाळेचं वर्षही बदललंय. 2025 पासून आमच्याकडे हायस्कूलचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू व्हायला लागले. पालक ओरडले, उकाडा, आंबे, काजू, आजोळ. मला विचाराल तर जूनला शाळा सुरू होणं ही काही वेदातली गोष्ट नव्हे, पण काजूच्या सीझनला पोरं घरी असायची याला गावात कारण होतं, बिया वेचायला हात लागतात. ज्यांनी फाइलवर सही केली त्यांच्या घरी काजूचं भाट नसावं.

तर स्मरणिका. मी कमिटीत म्हटलं की मंत्र्यांचा संदेश असू द्या, चेअरमनांचे फोटोही असू द्या, पण मध्ये आठ पानं रजिस्टराला द्या. दर दहा वर्षांतलं एकेक पान, नावं झाकून, फक्त गाव, जात, पालकाचा धंदा, शाळा सोडल्याचं कारण. लोक वाचतील, मी लिहून देते. एक सदस्य म्हणाले कल्पना चांगली पण आठ पानं म्हणजे आठ फुलपेज जाहिराती गेल्या, त्याचं काय करणार. दुसरे, वयानं मोठे, आम्ही त्यांना दादा म्हणतो, ते म्हणाले जातीचा रकाना छापायचा नाही, उगाच वाद नकोत. मी म्हटलं दादा, तो रकाना काढला तर मग राहिलं काय, मुक्तीच्या आधीचं पान आणि नंतरचं पान सारखंच दिसेल. त्यावर बराच वेळ चर्चा झाली, चहा झाला, बटाटवडे झाले. खजिनदार बाईंनी, ज्या इतका वेळ गप्प होत्या, एवढंच विचारलं की आडनाव तरी ठेवता येईल का, कारण त्यांच्या आईचं पान त्यात आहे आणि कारणाच्या रकान्यात विवाह लिहिलंय, आणि त्यांना ते छापून हवंय.

दादा म्हणाले बघू. चार पानं मिळतील असा अंदाज आहे, सोनाराची जाहिरात पाठीमागच्या कव्हरवर गेली तर पाच. पुढची मीटिंग रविवारी, भजनाच्या आधी.